आत्याचं नाक आणि अर्धी गोळी

"ईटच्या इंदूबाईचं नाक गेलं म्हणं."

"गेलं म्हंजी?"

"वासच येईना गेलाय तिला. काय बी समोर धरा, कळत न्हाय."

"अगं माय! मंग खव्याच्या भट्टीवर कशी बसायली?"

भूममध्ये गाडी बदलून मी ईट गावच्या एसटीत बसले होते आणि पुढच्या सीटवरच्या दोन बायकांचं हे बोलणं ऐकत होते. इंदूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. तिच्याच नाकाच्या ऑपरेशनसाठी मी पुण्याहून निघाले होते. दुसरी कुणी असती तर पुढे वाकून म्हणाली असती, "अहो, ती माझी आत्या, शनिवारी ऑपरेशन आहे." मी खिडकीबाहेर बघायला लागले. सोयाबीन पिवळं पडत चाललं होतं, मधे मधे तुरीचे हिरवे पट्टे होते आणि लांब बालाघाटाचे डोंगर अंगावर शाल घेतल्यासारखे बसले होते. पुढच्या बायकांनी ईट येईपर्यंत आत्याचा आजार, तिचं लग्न, तिच्या नवऱ्याचं हृदय आणि "पुण्याहून कोणतरी भाची यायलीय, इंग्रजी बोलती म्हणं" इथपर्यंत सगळं उरकलं. उतरताना त्यांनी मला विचारलं, "कुणाकडं आलीस गं?" मी म्हणाले, "पाहुण्यांकडे."

आमच्या घरात समज असा, की सई इंग्रजी शाळेत शिकली, म्हणजे डॉक्टरांशी तीच बोलणार. प्रत्यक्षात मी दोन्ही भाषांत गप्प असते. पण लॅपटॉप घेऊन कुठूनही काम करता येतं, त्यामुळे नाही म्हणायला कारण नव्हतं. चार दिवसांचे कपडे घेऊन मी गेले. राहिले सव्वीस दिवस.

सोमवार, ईट

ज्यांनी खव्याची भट्टी बघितलेली नाही (मी बघितली नव्हती, आमच्याकडे खवा डेअरीतून प्लास्टिकच्या पिशवीत येतो), त्यांच्यासाठी सांगते. पत्र्याची लांब शेड. आत ओळीनं चार भट्ट्या, त्यांवर चार लोखंडी कढया, प्रत्येक कढई एवढी की मी आत मांडी घालून बसू शकले असते. सकाळी दुधाचे कॅन येतात. खाली लाकडाचा जाळ, वर दूध, आणि प्रत्येक कढईपुढे एक बाई हातात लांब सराटा, म्हणजे लोखंडी उलथनं, घेऊन. सराटा थांबवायचा नाही. दूध फेसाळून वर येतं, दबतं, पुन्हा येतं, मग जडावतं, मग त्याचे बुडबुडे आळसावतात. आणि मग एक क्षण असा येतो, की तेव्हा कढई उतरवली तर खवा आणि नाही उतरवली तर करपलेलं काहीतरी.

तो क्षण आत्या वासावरून ओळखायची. वीस वर्षं. म्हणून दाराजवळची पहिली कढई तिची. पेढ्यांचा खवा तिथेच होतो. आणि गेल्या वर्षापासून तिच्या नाकात मांस वाढत गेलं, डोकं दुखायला लागलं आणि वास गेला.

"मग आता तू कसं ओळखतेस?" मी तिला शेडच्या बाहेर हळूच विचारलं.

आत्यानं इकडे तिकडे बघितलं. "गया हाय की."

गयामावशी दुसऱ्या कढईवर बसतात. उंच, काटक, आवाज हलगीसारखा. मी आत जाऊन बघत राहिले. आत्याचा खवा जडावला तशी गयामावशींची मान किंचित वळली. त्यांनी आपला सराटा कढईच्या काठावर दोनदा आपटला, टण टण, जसा कुणीही आपटेल. आत्यानं लगेच कढई उतरवायला सांगितली. मालक खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. त्यांना काही कळलं नाही.

मला एवढा आनंद झाला की काय करावं कळेना. मी टाळ्या वाजवणार होते, पण अनोळखी माणसांत मी टाळ्या वाजवत नाही.

तिथे बायका माझ्याकडे कुतूहलानं बघत होत्या. लग्न? पगार? आई-बाप दोघं नोकरीला? मग सैपाक कोण करतं? पुण्यात आमच्या शेजाऱ्यांना माझं नावसुद्धा माहीत नाही. इथे दहा मिनिटांत माझं वजन निघालं. "आत्याला तू म्हणती गं ही!" एकीनं आश्चर्य केलं. "म्हणू दे," आत्या म्हणाली, "शहरात तसंच असतं. माझ्या भावाची लेक हाय, मला गोड लागतं." मग तिनं गरम खवा पळसाच्या पानावर घातला, वर साखर भुरभुरवली आणि मला दिला. त्यानंतर माझ्या मनात पुण्याच्या पिशवीतल्या खव्याबद्दल जो तिरस्कार निर्माण झाला, तो अजून गेलेला नाही.

मंगळवार, धाराशिव

मामा, म्हणजे आत्याचे यजमान, आत्या आणि मी सकाळच्या गाडीनं तपासणीला गेलो. डॉक्टर बाहेरून येतात, मंगळवारी तपासतात, शनिवारी ऑपरेशनं करतात. तरुण, घाईचे, पण समजावून सांगण्याची हौस असलेले.

त्यांनी कागदावर नाकाचं चित्र काढलं. "मावशी, नाकाच्या आत बोगदे आहेत. या बाजूला डोळा, वर मेंदू, आणि मधलं हाड कागदाएवढं पातळ. मी आत बारीक दुर्बीण घालणार आणि टीव्हीत बघून मांस काढणार. माझा शत्रू एकच. रक्त."

"लई जातं का?" मामांनी विचारलं.

"जास्त जात नाही. पण जागाच इतकी अरुंद, की दोन थेंब आले तरी दुर्बिणीची काच लाल होते. मग मला काय दिसणार? डोळा कुठे, हाड कुठे?"

आत्या विचार करत होती. "म्हंजी कढईत फेस वर आल्यावर तळ दिसत न्हाय, तसं."

डॉक्टर पेन खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिले. "अगदी तसं! आता हे मी सगळ्यांना असंच सांगणार."

मग त्यांनी फेस कसा दाबायचा ते सांगितलं. आधी पाच दिवस मांसाची सूज उतरवायच्या गोळ्या. ऑपरेशनच्या वेळी रक्तवाहिन्या आकसणाऱ्या औषधात भिजवलेल्या पट्ट्या नाकात. टेबलाची डोक्याकडची बाजू थोडी वर. भूल देणारे डॉक्टर नाडी सावकाश आणि रक्तदाब जरा खाली ठेवतात. "आणि तुमच्याकडून एकच. रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी नको. कुठलं औषध चालू आहे?"

"काईच न्हाय," आत्या म्हणाली.

"नक्की?"

"देवाशपथ न्हाय."

मी फाईल छातीशी धरून बसले होते. डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्हाला काही विचारायचंय?" मी नाही म्हणून मान हलवली. मामांनी बाहेर आल्यावर अभिमानानं सांगितलं, "आमची सई बारीक ध्यान देऊन ऐकती."

बुधवार ते शुक्रवार, पुन्हा ईट

'ऑपरेशनमध्ये रक्त' एवढे दोनच शब्द गावात पोचले आणि गावानं आपल्या परीनं उपाय सुरू केला. रक्त जाणार, तर आधीच भर घातलेली बरी! बुधवारी सकाळी एक बाई बीट घेऊन आल्या. मग काळे मनुके. मग खजूर. मग आळिवाचे लाडू दोन घरांतून, आणि दोन्ही घरांचं एकमेकींच्या लाडवांबद्दल मत वाईट. शाळेच्या शिपाईकाकांनी चार डाळिंबं आणली आणि म्हणाले, "एक डाळिंब म्हंजी एक बाटली." संध्याकाळपर्यंत आत्याच्या घरात रक्तपेढी उघडता आली असती. रक्त वाढवणं वेगळं आणि कमी सांडणं वेगळं, हे मी कुणाला सांगणार? मी लाडू खाल्ले. मीठ-भाकरी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, सगळ्यावर लाडू. या प्रवासात कुणाचं रक्त वाढलं असेल तर ते माझं.

बुधवारी चार वाजता भट्टीवर चहा झाला. चहाचे पेले खाली ठेवले गेले आणि आत्यानं कमरेच्या पिशवीतून एक पुडी काढली. पुडीत अर्ध्या कापलेल्या पांढऱ्या गोळ्या. एक तिनं तोंडात टाकली. गयामावशींनी आपल्या पुडीतून एक टाकली. तिसऱ्या, चौथ्या कढईवरच्या बायकांनीही. पान खावं इतक्या सहज.

"आत्या, हे काय?"

"हे? ह्या तुझ्या मामांच्या. त्यांच्या हृदयात जाळी बसवली न्हाय का, तवापासून. निम्मी त्यांना, निम्मी मला. गयाच्या घरी तिच्या सासूची हाय."

"पण तुला कशाला?"

आत्यानं माझी कीव केली. "दूध कशानं आटतं?"

"जाळानं."

"आमी कुठं बसायलाव?"

"जाळापुढे."

"मंग आमचं रगत आटणार न्हाय व्हय? ह्यांच्या डॉक्टरनंच सांगितलं, ह्या गोळीनं रगत पातळ ऱ्हातं, घट होत न्हाय. मंग भट्टीवरच्यांनी न्हाय घ्यायची तर कुणी?"

मी या तर्कात खोट शोधली आणि मला पटकन सापडेना. मग डॉक्टरांचं वाक्य आठवलं.

"आत्या, डॉक्टरांनी हीच तर नको म्हणून सांगितलं. तू औषध घेत नाही म्हणालीस."

"हे औषध थोडंच हाय! औषध दुखण्यावर असतं."

"सांगितलेलं बरं, इंदे," गयामावशी म्हणाल्या. "पोरगी खरं बोलायलीय."

"आन् तारीख पुढं गेली तर? आता शनवारी झालं तर दोन हप्ते घरात बसून नवरातात म्या कढईवर. पुढं गेलं तर ऐन नवरातात जाळापुढं यायचं न्हाय. पहिली कढई कोण करंल? तू?" आत्यानं पुडी खोचली. "कुणी काय बोलायचं न्हाय. सई, तू बी न्हाय. माझी शपथ हाय."

शपथ! पुण्यात मला कुणी कधी शपथ घातली नव्हती.

त्या दोन दिवसांत मी आत्याला सांगायची वाक्यं जुळवत होते. अंगण झाडताना, भाकरी उलटताना, लॅपटॉपपुढे. वाक्यं सुंदर जमायची. आत्या समोर आली की मी विचारायचे, "चहा टाकू का?" त्या दोन दिवसांत मी माणसाला शक्य नाही इतका चहा टाकला.

शनिवार, धाराशिव

गयामावशीपण आल्या होत्या. त्यांच्या कानात मळ होता आणि "डॉक्टर आलेलाच हाय तर" हा त्यांचा हिशोब. त्या केबिनमध्ये गेल्या. आत्या हिरव्या कपड्यांत बाकावर बसली होती, लहान मुलीसारखी, पाय जमिनीला न टेकणारे. सिस्टरनी यादी वाचली. दागिने काढले? उपाशी आहात? कुठली गोळी चालू?

"न्हाय," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली.

माझ्या तोंडात शब्द आले आणि तिथेच राहिले. काच लाल होणार, एका बाजूला डोळा, कागदाएवढं हाड. सिस्टर निघाल्या तशी मी उठले, त्यांच्या मागे कोपऱ्यापलीकडे गेले, औषधाच्या बिलाच्या मागे पेननं इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि सिस्टरच्या हातात कोंबल्या. त्या वाचायच्या आत मी पाण्याच्या कूलरपाशी पोचले होते. तिथे मी तीन पेले पाणी प्यायले.

पाच मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या मागून गयामावशी, कानात कापूस. डॉक्टरांनी कमरेवर हात ठेवले. "मावशी, मामांची निम्मी गोळी कोण खातं?"

आत्याचं तोंड उघडं पडलं. मामांचंही. मामांना ही वाटणी माहीत नव्हती.

"म्हंजी मला दोन वर्षं निम्मीच?" मामा म्हणाले. "म्या म्हणायलो, गोळ्या बारीक कशा झाल्या! कंपनीनं बारीक केल्या वाटलं!"

डॉक्टरांना हसायचं नव्हतं. ते हसले, मग चिडले, मग पुन्हा हसले. मामांनी रोज पूर्ण गोळी घ्यायची, एक दिवसही चुकवायची नाही. आत्यानं आजपासून एकही नाही. भट्टीवरच्या सगळ्यांनी येऊन तपासून घ्यायचं. आणि ऑपरेशन पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी. "या गोळीचा असर जायला वेळ लागतो. आज केलं तर नाकात फेसच फेस, मावशी."

"पर तुमाला सांगितलं कुणी?"

"मला कळलं," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. चांगला माणूस.

आत्यानं मान सावकाश वळवली आणि गयामावशींच्या कानातल्या कापसाकडे बघितलं.

"इंदे, म्या न्हाय," गयामावशी म्हणाल्या.

"आत पाच मिन्टं काय मळ काढत व्हतीस?"

"मळच!"

मी कूलरपाशी उभी होते. तिथून बाकापर्यंत सहा पावलं होती.

त्याच दिवशी, तेर

"आलोच हाय तर तेरला देव करून जाऊ," मामा म्हणाले. त्यांना वाटलं, देवळात राग निवेल. लोकल बसनं आम्ही चौघं गेलो. आत्या पहिल्या सीटवर, गयामावशी शेवटच्या, मामा आणि मी मधे तटस्थ राष्ट्रांसारखे.

तेर फार जुनं आहे. विटांचं एक देऊळ आहे, इतकं जुनं की विटा हाताला मऊ लागतात. तेरणेला पाणी होतं, काठावर म्हशी डुंबत होत्या आणि भज्यांच्या गाड्यावरची भजी अशी होती, की अपराधी माणसालाही दोन प्लेट जाव्यात. मला तीन गेल्या. मी फाईल बाकावर ठेवून हात पुसत होते, तेवढ्यात एका शेळीनं फाईलमधून 'ऑपरेशनपूर्व सूचना' हा कागद ओढला आणि खाल्ला. मामा तिच्या मागे धावले. ती नदीच्या वाळवंटात निघून गेली. माझ्या माहितीतली तेवढी एकच, जिनं त्या सूचना पूर्ण पचवल्या.

नदीकाठच्या देवळात आत्या हात जोडून मोठ्यानं बोलली. "देवा, जिनं चुगली केली तिला तू बघ." खांबाच्या पलीकडून गयामावशीही मोठ्यानं म्हणाल्या, "देवा, तुला तर खरं म्हाईत हाय." देव माझ्याकडे बघत होता. मी घंटा वाजवली आणि बाहेर आले.

पुढचे चौदा दिवस, ईट

आत्या आणि गयामावशी शेजारच्या कढयांवर बसत होत्या आणि बोलत नव्हत्या. बोलायचं असेल तर माझ्यामार्फत. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन दोघींच्या मधे.

"सई, तिला म्हणावं लाकूड सार."

"गयामावशी, लाकूड सारा म्हणते."

"तिला म्हणावं, सारलं."

आयुष्यात मी एवढी बोलले नव्हते आणि त्यातलं एक वाक्य माझं नव्हतं!

पण खवा जडावला की गयामावशींचा सराटा काठावर दोनदा आपटायचा. टण टण. भांडणात त्यांनी एक दिवस तो चुकवला नाही. आत्या कढई उतरवायला लावायची आणि मान फिरवून बसायची.

एकदा पाणी भरताना मी गयामावशींसोबत एकटी होते. मी तोंड उघडलं. त्याच आधी म्हणाल्या, "कुणी का सांगितलं असंना, त्याचं भलं होऊ दे. सांगाया म्याच पाहिजे व्हतं. इंदीच्या डोळ्याला काय झालं असतं तर?" आणि घागर उचलून चालायला लागल्या. त्यांना माहीत होतं का, हे मला अजून कळलेलं नाही.

घटस्थापना तोंडावर आली. मालकांनी सांगितलं, नवरात्रात पहिली कढई गयाबाई बघतील. आत्यानं त्या दिवशी जेवणात मीठ दोनदा घातलं. "बघ," ती मला म्हणाली, "ह्याच्यासाठी सांगितलं तिनं." तिचा आवाज रागाचा नव्हता, ते मला सहन झालं नाही. मी म्हणाले, "चहा टाकू का?"

दुसरा शनिवार, धाराशिव

या वेळी गोळी नाही, कागद पूर्ण, शेळी नाही. फक्त रक्तदाब वर. सिस्टरनी दोनदा मोजला. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. "मावशी, घाबरलात?"

"घाबरले न्हाय. गयाचा राग यायलाय."

"कोण गया?"

"ते ऱ्हाऊ द्या," मामा घाईनं म्हणाले.

डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "यांना शांत करा. दाब वर असला की नाकात रक्त जास्त येतं. अर्ध्या तासानं परत बघते."

 आता चिठ्ठी माझी होती हे सांगितलं तर राग जाईल की दुप्पट होईल? मला ठरवता येईना, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली. मी आत्याच्या पायाशी बसले, तिचे तळवे चोळायला लागले आणि विचारलं, "आत्या, पहिल्या उकळीपासून खवा होईपर्यंत काय काय बघायचं असतं?"

आत्यानं उसासा टाकला. मग सुरू झाली. म्हशीचं दूध कसं, गाईचं कसं, पहिला फेस मोठा असतो त्याला घाबरायचं नाही, दुसरा लबाड असतो. सराटा तळाला कसा लावायचा. तिचा आवाज सावकाश होत गेला, हात हवेत गोल फिरत राहिला. डॉक्टरबाईंनी पट्टा बांधला आणि आकडा बघून भुवया उंचावल्या. "काय दिलंत यांना?"

"खवा," मामा म्हणाले.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले, टोपी हातात. "या, बघा." त्यांनी मोबाईलवर चित्रण लावलं. मला वाटलं होतं, मी डोळे मिटीन. पण आत गुलाबी, ओली, चकचकीत गुहा होती आणि त्यात सोललेल्या द्राक्षांसारखे घोस. एक घोस निघाला, मागचा रस्ता दिसला. दुसरा निघाला, पलीकडची खोली उघडली. कडेला थोडंसं लाल, ते पट्टीनं टिपलं, पुन्हा स्वच्छ. "तळ दिसतोय ना?" डॉक्टर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की झोप, सांगता येत नाही. मी त्यांना विचारलं, वास येईल का. हो, मीच विचारलं! "आशा आहे. हमी नाही. थोडे दिवस जाऊ द्या."

आत्यानं दुसऱ्या दिवशी चित्रण बघितलं, चार वेळा. "हे माझं नाक? आत एवढी जागा हाय?" भेटायला आलेल्या प्रत्येकाला तिनं मला ते दाखवायला लावलं. एक म्हातारबुवा द्राक्षांचे घोस बघून म्हणाले, "बाग चांगली हाय."

नवरात्र, ईट

शिंकायचं नाही, वाकायचं नाही, जाळाजवळ जायचं नाही. आत्या घरात, दाराकडे पाठ करून बाजेवर. मी रोज सकाळी तिच्या नाकापुढे काहीतरी धरायचे. झेंडू. काही नाही. हिंग. काही नाही. मामांनी स्वतःचा मोजा आणला. "न्हाय," आत्या म्हणाली, "आन् त्यासाठी देवाचे उपकार." आम्ही हसायचो. ती पुन्हा भिंतीकडे तोंड करायची. भट्टीचा धूर पत्र्यावरून जाताना खिडकीतून दिसायचा.

सातव्या दिवशी दुपारी मी तिच्या पायाशी बसून काम करत होते. मामा जोंधळे निवडत होते. आत्यानं मधेच मान ताठ केली. पाठ दाराकडेच. नाकानं दोनदा हवा ओढली.

"गया आली का?"

मी वळून बघितलं. गयामावशी दारात उभ्या होत्या, उंबऱ्याच्या बाहेर, हातात डबा. पायात चप्पल नव्हती, त्यामुळे आवाजही झाला नव्हता. मी बघितल्याशिवाय मलाही कळलं नसतं.

"मिश्री भाजून आलीय," आत्या भिंतीकडे बघत म्हणाली. "भट्टीच्या कडंला तंबाखू भाजती न्हाय का रोज, त्याचा वास. आन् धुराचा. आन् दुधाचा." तिचा आवाज फाटला. "आवो! मला वास यायलाय! गयाचा वास यायलाय!"

मामांचं सूप उलटलं, जोंधळे घरभर. गयामावशींनी डबा खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. मी उभी राहून टाळ्या वाजवायला लागले होते. मोठ्यानं, माझं मलाच नवल वाटेल अशा.

आत्या वळली. गयामावशींना बघून तिचा चेहरा उजळला, आणि मग तिला आठवलं. तो बंद झालेला मी बघितला. ती पुन्हा भिंतीकडे वळली.

"सई, तिला म्हणावं, आता आली तशी जा. चुगली करून कढई घेतली, ती सांभाळ म्हणावं."

 गयामावशींनी वाकून डबा उंबऱ्याच्या आत सरकवला आणि त्या माघारी वळून थांबल्या. दोघीही माझ्या निरोपाची वाट बघत होत्या.

"आत्या, चिठ्ठी मी दिली होती," मी म्हणाले. "डॉक्टरांना. त्यांनी नाही, मी. तू शपथ घातलीस म्हणून तोंडानं सांगता आलं नाही, म्हणून लिहून दिलं, आणि मग त्यांच्यावर आलं तरी तीन आठवडे गप्प बसले. आता मला काय बोलायचं ते बोल, कितीही बोल. पण आधी त्यांना आत बोलाव. अनवाणी आल्यात त्या, बाहेर ऊन आहे."